बंद पडलेल्या ट्रॉलीपाशी

माझं काम लोकांना गोलात बसवून बोलतं करण्याचं. सरकारी खात्याला एखादा नियम करायचा असला, की ते आमच्यासारख्या पुण्यातल्या संस्थेला सांगतात, लोकांचं म्हणणं काय आहे ते बघून या. मग आमची मंडळी घरोघर प्रश्न विचारत फिरतात, आणि माझ्यासारखी एखादी बाई आठ-दहा माणसांना एका खोलीत बसवून चर्चा घडवून आणते. ह्याला आम्ही गटचर्चा म्हणतो. ह्या कामापायी मी बरेच तालुके पाहिले. पाहिले म्हणजे लॉज, पंचायतीची सभागृहं आणि सतरंज्या पाहिल्या. त्यातलं काही लिहावं असं कधी वाटलं नाही. बारामती-इंदापूरची ही फेरी मात्र डोक्यातून जात नाही, म्हणून नावं बदलून लिहिते आहे.

विषय होता उसाच्या ट्रॉल्यांचा. गाळपाच्या दिवसांत अंधार पडला की रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळते आणि माणूस जातो. हे दर हंगामात होतं. खात्याला विचारायचं होतं, की ट्रॉलीच्या मागं चमकत्या पट्ट्या लावण्याचा नियम लोक का पाळत नाहीत, आणि पाळावा म्हणून काय करावं.

बारामती

बारामती मला माझ्या कल्पनेपेक्षा फार नीटनेटकी दिसली. रुंद रस्ते, झाडं, मोठमोठ्या इमारती. मी मूळची चिपळूणकडची, त्यामुळं गाव म्हटलं की चढउतार आणि दरडी डोळ्यांपुढं येतात. इथं शहर संपतं आणि जमीन सपाट पसरते, आणि त्या सपाटीवर दोन्ही बाजूंना ऊस. रस्ता उसाच्या भिंतींमधून जातो. आमच्याकडं घाटातल्या वळणाची भीती असते. इथल्या सरळ रस्त्याचं काय भ्यायचं, असं मला पहिल्या दिवशी वाटलं.

गावडे मला घ्यायला आले होते. गावडे विमा एजंट. पन्नाशीचे, दोन्ही तालुक्यांत घराघरांत ओळख, म्हणून चर्चेला माणसं जमवायचं काम आम्ही त्यांना देतो. संध्याकाळी त्यांनी मला मोटरसायकलवर बसवून इंदापूर रस्त्याला नेलं आणि एका जागी गाडी थांबवून विचारलं, "म्होरं काय दिसतंय का?" दिवस नुकता मावळला होता. मला रस्ता दिसत होता आणि पुढं नुसता काळोख. त्यांनी गाडी हळूहळू पुढं घेतली, आणि अचानक माझ्या तोंडासमोर उसाचा डोंगर उभा राहिला. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. मागं पट्टी होती, पण वर रचलेल्या उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, खाली लोंबत होतं आणि पट्टी त्याखाली झाकली गेली होती.

गावडे म्हणाले, "आता आपण जोरात असतो, तर?"

लॉजवर आले तेव्हा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर गरम भाकरी मिळाली. भाताशिवाय माझं जेवण होत नाही, पण त्या रात्री भाताची आठवणही झाली नाही.

माळेगाव बुद्रुक

कारखाना लांबूनच वासानं कळतो. गोड, आंबूस, मळीचा वास. सुरुवातीला मळमळतं, मग नाक सरावतं. गाडीतळावर ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रांगेत उभ्या होत्या. नंबर लागायला कधी कधी अख्खा दिवस जातो, तोवर ड्रायव्हर ट्रॅक्टरखालीच पोतं टाकून झोपतात. मला चर्चेला हवी होती तशी माणसं तिथं आयतीच होती. एका चहाच्या हॉटेलाच्या मागची खोली गावड्यांनी मागून घेतली. गावडे स्वतः बाहेर थांबले. ओळखीच्या माणसादेखत लोक मोकळं बोलत नाहीत, हा आमचा नियम.

दुसरा नियम मी दर वेळी मोठ्यानं सांगते. इथं बोललेलं ह्या खोलीबाहेर जाणार नाही, कुणाचं नाव कुठं येणार नाही. तो तिथंही सांगितला.

ड्रायव्हर आधी लाजले, मग बोलायला लागले. पट्ट्या चिखलानं भरतात. मालक म्हणतो, खेपा कर, पट्ट्या काय पुसत बसतोस. टायर रात्रीच फुटतं, कारण खेपा रात्रीच. ट्रॉली रस्त्याच्या कडेला घ्यावी तर कडेला साईडपट्टीच नाही, सरळ पाण्याची चारी. हे सगळं मी टिपत होते, रेकॉर्डरही चालू होता. कोपऱ्यातला एक माणूस एवढा वेळ गप्प होता. चाळिशी ओलांडलेला, हडकुळा, अंगात मळका स्वेटर. बाकीचे त्याला बबनराव म्हणत होते. गप्प बसलेल्याला शेवटी विचारायचं, ही माझी सवय. मी म्हटलं, "तुमचं काय म्हणणं आहे, बबनराव?"

तो म्हणाला, "माझ्या ट्रॉलीवर माणूस मेलाय."

खोलीतले सगळे खाली बघायला लागले. त्यांना ते ठाऊक असावं.

मग त्यानं सांगितलं. मागच्या हंगामाच्या शेवटाला, सणसरच्या अलीकडं त्याच्या ट्रॉलीचं टायर फुटलं. त्यानं मागं दगडं लावली, बाभळीच्या फांद्या टाकल्या, मालकाला फोन केला. ट्रॅक्टरपाशी उभा होता तेवढ्यात मागं आवाज झाला. एक मोटरसायकलवाला दगडं-फांद्यांसकट ट्रॉलीत घुसला होता. "मागं पंख्याचं खोकं बांधलेलं. पंख्याची पाती रस्त्यावर इस्काटली व्हती," तो म्हणाला. "माणूस जित्ता व्हता. म्या त्याचं डोस्कं मांडीवर घेतलं. दवाखान्याच्या गाडीला फोन केला, ती काय येईना. तो जाईस्तवर बसून ऱ्हायलो. मग लांबनं गाड्यांचा उजेड दिसला. लोक मारत्याल म्हणून उसात पळालो."

त्याचं लायसन संपलेलं होतं. मालकानं पोलिसांपुढं दुसराच लायसनवाला ड्रायव्हर उभा केला. बबनरावाचं नाव कुठंच आलं नाही. त्यानंही पोलिसांना काही सांगितलं नाही, आणि पुढच्या हंगामात त्याच ट्रॅक्टरवर चढला.

एकजण म्हणाला, "मॅडम, हे लिहू नका." मी म्हटलं, नाव येणार नाही. मग मी काय केलं, तर कागदावरचा पुढचा प्रश्न विचारला. दंड किती असावा, असा तो प्रश्न होता.

सणसर

सणसरची चर्चा ज्यांच्या घरातलं माणूस अशा अपघातात गेलं, त्यांची होती. अशा चर्चेच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही. जागा मिळाली बौद्धवस्तीतल्या विहाराच्या सभागृहात. थंड फरशी, समोर पांढरी बुद्धमूर्ती, कोपऱ्यात पुस्तकांचं कपाट. गावातले सगळ्या समाजाचे लोक आले होते. दुःख सारखं असल्यामुळं असेल, पण चपला काढण्यावरून किंवा कुणी कुठं बसायचं ह्यावरून जी कुजबुज मी इतर ठिकाणी ऐकली आहे, ती इथं झाली नाही.

सगळ्यांत नीट बोलल्या त्या सुनंदाताई. शाळेत शिक्षिका, वय पस्तिशीच्या पुढं, वस्ती त्यांचीच. मी प्रश्न विचारला की त्या आधी इतरांना बोलू देत, मग वर्गात समजावून सांगावं तसं दोन वाक्यांत आपलं सांगत. नवऱ्याचं नाव विलास, तेही नोकरीला होते. मी विचारलं, त्या दिवशी ते कुठून येत होते?

"बारामतीहून. उन्हाळा लागला होता. पंखा आणायला गेले होते."

माझा पेन थांबला. मी मान वर केली नाही.

शेवटी मी सगळ्यांना विचारलं, सरकारनं काय करावं असं वाटतं? कुणी म्हणालं दिवे लावा, कुणी म्हणालं मालकाला तुरुंगात घाला. सुनंदाताईंनी इतरांचं होऊ दिलं. मग म्हणाल्या, "पट्ट्या लावा, दंड करा, सगळं करा. पण पंचनाम्यात लिहिलंय, चालक जखमीस सोडून फरार. म्हणजे ते पडले तेव्हा जवळ कुणी नव्हतं. मला रोज तेच दिसतं. माणूस रस्त्यावर एकटा मरतो, त्याचं तुमच्या खात्याकडं काही आहे का?"

मी म्हटलं, मी हे नक्की लिहीन. माझ्या पिशवीतल्या रेकॉर्डरवर त्यांच्या प्रश्नाचं उत्तर होतं, आणि ते मी देऊ शकत नव्हते.

चर्चा संपल्यावर त्यांनी चहा दिला. आमच्याकडं चहात पाणी जास्त, इथं दूध आणि साखर जास्त. तो कप मला संपवता आला नाही. बाहेर येऊन मी पुण्याला आमच्या संचालकबाईंना फोन लावला. त्या शांतपणे सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, की तू सांगितलंस तर पुढच्या कुठल्याही खोलीत कुणी तोंड उघडणार नाही. आणि त्या माणसाला पोलीस उचलतील. मग म्हणाल्या, "तो स्वतः होऊन गेला तर गोष्ट वेगळी. ती त्याची गोष्ट आहे."

निरवांगी

बबनरावाचा ट्रॅक्टर गॅरेजला लागला आणि तो घरी निरवांगीला गेला, असं गाडीतळावर कळलं. मी गावड्यांना म्हटलं, एक-दोन मुद्दे विचारायचे राहिलेत. त्यांनी कारण विचारलं नाही.

इंदापूर तालुक्यात आत शिरलं की मधेमधे ऊस तुटतो आणि उघडी माळरानं लागतात. बाभळी, खुरटं गवत, मेंढ्यांचे कळप. मग पुन्हा नीरेच्या बाजूला सगळं हिरवं. बबनरावाचं घर वस्तीवर होतं. गावड्यांनी गाडी बांधावर लावली आणि मला सांगितलं, सरळ चालत जा. सरळ म्हणजे नुकतंच पाणी सोडलेल्या उसातून, हे मला पाय गुडघ्यापर्यंत रुतल्यावर कळलं. एक चप्पल चिखलात राहिली ती राहिलीच. अशी मी, एका पायात चप्पल आणि साडीला चिखल, त्या अंगणात जाऊन उभी राहिले.

बबनरावाच्या बायकोनं, हिराबाईनं, काही न विचारता पायांवर पाणी घातलं आणि आपली चप्पल पुढं सरकवली. चुलीवर हुलग्याची शेंगोळी शिजत होती. जेवल्याशिवाय त्यांनी बोलूच दिलं नाही. लसणाचा झणका, घट्ट आमटी आणि त्यात बोटाएवढे वळलेले पिठाचे तुकडे. मी दोनदा वाढून घेतलं. नंतर त्याची लाज वाटली, कारण मी कशाला आले आहे ते त्या बाईला ठाऊक नव्हतं.

जेवण झाल्यावर मी बबनरावाला विचारलं, "त्या माणसाच्या घरी जाऊन सांगावं, असं कधी वाटलं का?"

त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "त्या घरातलं कोण भेटलं का तुमास्नी?"

मी काही बोलले नाही. सुनंदाताई जे बोलल्या तेही खोलीतलंच होतं. पण माझं गप्प बसणं त्याला पुरलं असावं.

हिराबाई दारात उभी होती. तिला त्या रात्रीचं सगळं माहीत होतं. ती आवाज न चढवता म्हणाली, "मॅडम, कागदावर ह्यांचं नाव न्हाय. मालक कामावर ठेवतोय. जे मिटलंय ते मिटलंय. तुमी जाशीला पुण्याला. आमाला हितंच ऱ्हायचंय."

तिचं खरं होतं. मी म्हटलं, मी फक्त विचारायला आले होते, जबरदस्ती नाही. तिनं मान हलवली, पण तिचा माझ्यावरचा विश्वास उडाला होता. निघताना मी तिची चप्पल परत द्यायला लागले, तर म्हणाली, राहू द्या, अनवाणी कुठं जाता. ते प्रेमानं नव्हतं. मी लवकर निघावं म्हणून होतं.

परतीच्या वाटेवर मला वाटत होतं, झालं ते बरं झालं. तो जाणार नाही, आणि मला काही करावं लागणार नाही.

पुन्हा सणसर

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, मी सामान आवरत असताना गावड्यांना फोन आला. बबनराव सणसरच्या स्टँडवर येऊन बसला होता. घर कुठलं ते त्याला ठाऊक होतं, पण एकट्यानं पाऊल उचलत नाही म्हणाला.

मी आधी एकटी सुनंदाताईंकडं गेले आणि एवढंच म्हटलं, त्या रात्रीबद्दल एकाला तुमच्याशी बोलायचंय, तुमची इच्छा असेल तरच. त्यांनी ओट्यावर एक खुर्ची आणून ठेवली आणि म्हणाल्या, "येऊ द्या."

गावडे बबनरावाला घेऊन आले, पण तो खुर्चीवर बसला नाही. ओट्याच्या पायरीवर बसला. त्यानं सगळं पुन्हा सांगितलं, टायर, दगडं, फांद्या. सुनंदाताई उभ्याच होत्या, हात पदरात धरून. तो मांडीवर डोकं घेतल्याचं बोलला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "काही बोलले का?"

"व्हय," तो म्हणाला. "सारखं म्हणायचं, गाडी बाजूला घ्या. माझी गाडी बाजूला घ्या, कोणतरी पडंल. म्या म्हणलं, घेतो. तर म्हणं, आदी घ्या. मग म्या त्यांचं डोस्कं शर्टाच्या घडीवर ठिवून गाडी वढली, चारीला लावली. माघारी येऊन सांगितलं, घेतली. मग निवांत पडलं."

सुनंदाताई खुर्चीवर बसल्या. तोंडावर पदर धरून त्या किती तरी वेळ तशाच होत्या. मला आधी कळेना, त्या रडतायत की काय. पदर काढल्यावर त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "असंच बोलायचे. वाटेत कुणाचं काही पडलेलं त्यांना चालायचं नाही."

मग त्या उठल्या आणि आतल्या खोलीतून एका म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून घेऊन आल्या. "ह्यांचे वडील," त्या बबनरावाला म्हणाल्या. "तात्या. आता तुम्ही मला सांगितलं ते त्यांना सांगा. त्यांना ऐकू कमी येतं."

बबनरावानं हात जोडले आणि सांगायला सुरुवात केली. तात्यांनी कानाला हात लावून विचारलं, "काय म्हणतंय?" तो जरा मोठ्यानं बोलला. तात्यांना कळेना. तो आणखी मोठ्यानं बोलला. ज्या माणसानं हे बायकोशिवाय घरच्या कुणालाही सांगितलं नव्हतं, तो आता त्या ओट्यावर ओरडून सांगत होता. "तुमच्या ल्योकापाशी मी व्हतो! मांडीवर व्हता माझ्या!" समोरच्या घरातल्या बायका दारात आल्या. गल्लीतून जाणारे थांबले. मी घाबरले, गावडे पुढं सरकले. सुनंदाताईंनी हातानंच त्यांना थांबायला सांगितलं.

तात्यांना आता समजलं होतं. त्यांनी विचारलं, "मग पळालास कशाला?"

बबनराव काही तरी पुटपुटला.

"काय?"

"भ्यालो!" तो ओरडला. "भ्यालो म्हणून पळालो, तात्या!"

तात्या त्याच्याकडं बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी भिंतीला हात लावला आणि स्वतःच वळून आत गेले. त्यांनी माफ केलं असं मला वाटलं नाही, आणि शिवीही दिली नाही.

तोवर बरीच माणसं जमली होती. दोघा-तिघांचे चेहरे चांगले नव्हते. एकानं विचारलं, हाच का तो? सुनंदाताईंनी पायात चप्पल घातली, ओट्यावरून उतरल्या आणि बबनरावाला म्हणाल्या, "चला." त्या पुढं, तो मागं, असे ते गल्लीतून निघाले. कुणी वाट अडवली नाही. रस्त्यापर्यंत त्या त्याच्याबरोबर गेल्या, एसटी येईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या.

पुणे

अहवाल गेला. पट्ट्या, साईडपट्टी, मालकाची जबाबदारी, सगळं त्यात आहे. सुनंदाताईंचा प्रश्न मी त्यांच्या नावाशिवाय शेवटच्या प्रकरणात घातला होता. खात्यातल्या एका साहेबांनी तो वाचून विचारलं, ह्यावर शिफारस काय? माझ्याकडं नव्हती. तो परिच्छेद काढला गेला.

नंतर गावड्यांचा फोन आला. गल्लीतली गोष्ट मालकाच्या कानावर गेली आणि त्यानं बबनरावाला ट्रॅक्टरवरून उतरवलं. हिराबाई आता दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जाते. हे मी केलं, असं गावडे म्हणाले नाहीत. पण निरवांगीला जाऊन तो प्रश्न मीच विचारला होता, आणि हिराबाईनं मला आधीच सांगितलं होतं.

पोलिसांनी बबनरावाला बोलावलं, तेव्हा सुनंदाताई आपणहून ठाण्यात गेल्या. जखमीस सोडून फरार हे खोटं आहे, हा माणूस शेवटपर्यंत बसून होता, असं माझ्या नावानं लिहून घ्या म्हणाल्या. ठाण्यातल्या माणसानं त्यांना समजावलं, की बाई, ह्यानं केसमध्ये तुमचीच बाजू कमजोर होईल. त्या म्हणाल्या, होऊ द्या, लिहा.

पोलिसांनी ते लिहून घेतलं की नाही, हे गावड्यांना माहीत नव्हतं.